एकमताचे नळकांडे

हवामानबदलाविषयी निरनिराळ्या सरकारी खात्यांत जे संशोधन चालते, त्याचा परस्परांशी मेळ घालण्यासाठी एक स्वतंत्र कक्ष स्थापन झाला होता. त्या कक्षाचे प्रमुख, उपप्रमुख आणि सारा कर्मचारीवर्ग मिळून एकच गृहस्थ होते. त्यांच्या पदाचे नाव दारावरच्या पाटीत मावले नव्हते. रंगाऱ्याने जेवढे बसले तेवढे पाटीवर लिहून उरलेले भिंतीवर काढले होते. त्यामुळे सगळे त्यांना नुसते ‘मध्यस्थ’ म्हणत, आणि इतक्या वर्षांत ते स्वतःही फोन उचलून तेच सांगू लागले होते.

कक्षात एक गोल टेबल होते. ते गोल असण्यास कारण होते. पूर्वीच्या चौकोनी टेबलाच्या मानाच्या बाजूस कोणत्या खात्याने बसावे, यावरून पहिलीच बैठक मोडली होती. मग गोल टेबल मागवले, तर ते दारातून आत जाईना. शेवटी ते मधोमध कापून आत नेले व पुन्हा जोडले. परंतु सांधा काही नीट बसला नाही. त्या फटीत पेन्सिली पडत, टाचण्या पडत, आणि एकदा आरोग्य खात्याच्या डॉक्टरांचा चष्मा पडला होता. तो नेमक्या कोणत्या खात्याच्या हद्दीत पडला हे ठरेपर्यंत डॉक्टर इतिवृत्त नाकाशी धरून वाचत बसले होते.

मध्यस्थ तरुणपणी पदार्थविज्ञान शिकले होते. आपणही काही शोधून काढावे, ही उमेद बाळगूनच ते नोकरीत शिरले. पण कक्षाच्या नियमात स्पष्ट लिहिले होते, की मेळ घालणाऱ्याने स्वतः काहीही शोधू नये. शोधले तर तो एक पक्ष होईल. तेव्हा बैठकीची तारीख, वेळ आणि स्थळ ठरवणे एवढाच अधिकार त्यांच्या हाती उरला. तो मात्र ते अतिशय निगुतीने वापरीत. त्यांच्या सूचनापत्रात कधी खाडाखोड नसे. पाण्याचे पेले ते स्वतः पुसून मांडीत, आणि प्रत्येक पेल्याचे खिडकीपासूनचे अंतर सारखे आहे ना, हे एक डोळा मिटून पाहत.

घरीही हाच खाक्या. त्यांची पत्नी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका होती, आणि वर्ग सुटला तरी आवाज सुटला नव्हता. ती लेकीला फोनवर सांगे, “अगं, पडदे निळे लावायचे की हिरवे, एवढं विचारलं. तर म्हणतात, दोन्ही बाजू ऐकून घेऊ. अहो, दुसरी बाजू तुम्हीच आहात की!”

या कक्षाने आजवर एकही संयुक्त निष्कर्ष काढलेला नव्हता. कृषी खाते म्हणे हिवाळा लांबला. वन खाते म्हणे आखडला. आरोग्य खाते म्हणे, हिवाळा म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवा. अखेर उपसचिवांनी मध्यस्थांना बोलावून घेतले. उपसचिव बारा महिने कोट घालणारे गृहस्थ होते, आणि कोटाचे वरचे बटण लावले की बोलणे संपले, असे समजायचे असे.

“वर्षअखेरपर्यंत किमान एक संयुक्त निष्कर्ष,” उपसचिव म्हणाले. “तिन्ही खात्यांच्या सह्या. नाहीतर कक्ष बंद. तुमची बदली भांडारात.”

“भांडारात काय काम असतं, साहेब?”

“मोडक्या खुर्च्या आहेत. त्या मोडक्याच आहेत ना, हे अधूनमधून पाहायचं.” आणि त्यांनी बटण लावले.

मध्यस्थ खाली आले ते पाय ओढीत. खुर्च्यांचे त्यांना भय नव्हते. पण ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना एका टेबलाशी बसवले, त्याच्या नावावर एकाही वाक्याचे एकमत असू नये, हे त्यांच्या जिव्हारी लागले होते.

आणि मग थंडीच्या भर दिवसांत, ध्यानीमनी नसताना, ते घडले.

शहराच्या टोकाला तिन्ही खात्यांची संशोधन आवारे पाठीला पाठ लावून होती. पूर्वी ते एकच आवार होते. नंतर भिंती घालून त्याचे तीन भाग करण्यात आले, आणि तेव्हापासून एका भागातून दुसऱ्या भागात जायचे तर रस्त्याने मोठा वळसा घालावा लागे. तो कोणीच घालीत नसे. या तिन्ही आवारांतून एकाच आठवड्यात तीन अहवाल आले. कृषीचा अहवाल सांगत होता, की आवारातल्या उघड्या हवेचे तापमान भर हिवाळ्यात अजब चढले आहे. वन खात्याच्या संशोधक बाईंनी कळवले, की त्यांच्या बागेतील झाडांची एक अख्खी रांग अवेळी फुलली आहे. डॉक्टरांनी लिहिले, की ज्या दिवसांत डास औषधालाही मिळू नये, त्या दिवसांत त्यांचे सापळे भरभरून वाहत आहेत.

मध्यस्थांनी तिन्ही अहवाल टेबलावर ओळीने मांडले. तीन खाती, तीन पद्धती, आणि निष्कर्ष एक! त्यांनी तडक उपसचिवांना फोन लावला.

“साहेब, जमलं!”

“काय जमलं?”

“एकमत!”

उपसचिव हळूच म्हणाले, “तुमची तब्येत बरी आहे ना?”

खात्री पटल्यावर मात्र उपसचिवांनीही आढेवेढे घेतले नाहीत. संयुक्त निष्कर्ष वरपर्यंत न्यायचा, त्याची छापील पुस्तिका काढायची, आणि सह्यांच्या बैठकीला आपण जातीने अध्यक्ष व्हायचे, असे त्यांनी जाहीर केले. मध्यस्थांना आकाश ठेंगणे झाले. त्या दिवशी ते घरी गेले, आणि पडदे निळेच लावू, असे आपण होऊन म्हणाले.

“आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा!” पत्नी म्हणाली. “चला, खुशीत आहात तर माझ्याबरोबर बागेत या. गुडघे नुसते ठणकताहेत. तिथल्या बाकावर बसलं की जरा सैल पडतात.”

ती बाग वन खात्याचीच होती. दुपारनंतर ती लोकांना खुली असे. भिंतीलगतच्या एका बाकावर चार वयस्क बायका शाली काढून, पाय पसरून ऐसपैस बसल्या होत्या. बाकीची बाग गारठून ओस पडली होती. पत्नीने पिशवीतून नातवाचे ओले स्वेटर काढले आणि बाकाच्या पाठीवर सफाईने पसरले.

“हे काय?” मध्यस्थांनी विचारले.

“घरी दोन दिवस ओलं राहतं. इथे गप्पा संपायच्या आत वाळतं.”

“पण इथे ऊन कुठंय?”

“ऊन कशाला हवंय? थांबा, आता सुरू होईल बघा.”

भिंतीपलीकडे काहीतरी खाकरल्यासारखा आवाज झाला. भिंतीच्या माथ्यावर पत्र्याचे एक जाड नळकांडे बागेकडे तोंड करून बसवलेले होते. त्यातून गरम हवेचा झोत सुटला. स्वेटरच्या बाह्या टाळ्या वाजवाव्यात तशा फडफडल्या. बायकांनी सुखाने डोळे मिटले. मध्यस्थांनी मान वर केली. त्यांच्या डोक्यावर झाडांची ती रांग फुलांनी लगडली होती. त्यांनी मान खाली घातली. झाडांच्या आळ्यांतल्या कोमट पाण्यावर डास घोंगावत होते, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, आरोग्य खात्याकडच्या भिंतीवर, डॉक्टरांचे सापळे टांगलेले होते.

मध्यस्थांनी नळकांड्यापासून सापळ्यांपर्यंत हवेत बोटाने एक रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कृषीच्या प्रमुख शास्त्रज्ञांना फोन केला. सगळे समजायला वेळ लागला नाही. पन्नास वर्षांनी हिवाळा कसा असेल हे पाहण्यासाठी कृषी खात्याने एका हरितगृहात गरम हवेचा ब्लोअर लावून पिके वाढवायला घेतली होती. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा नेहमी ठरावीक अंशांनी गरम राहावी, अशी प्रयोगाची अट होती. बाहेरची हवा मोजणारा तापमापक त्यांनी भिंतीवर टांगला होता. हरितगृहातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेचे नळकांडे आधी संचालकांच्या खिडकीकडे होते. पण संचालकांना घाम फुटू लागला, तेव्हा ते वळवून त्याच भिंतीवर नेले. गरम हवेने तापमापक तापे. बाहेर गरम झाले असे समजून यंत्र आत आणखी गरम करी. की नळकांड्यातून आणखी गरम हवा सुटे. यंत्र बिचारे महिनाभर स्वतःच्याच मागे धावत होते.

“अहो, मग ती हवा तुमचीच आहे!” मध्यस्थ म्हणाले.

“भिंतीच्या आत होती तोवर आमची,” कृषीवाले शांतपणे म्हणाले. “बाहेर पडली की ते वातावरण. वातावरण हा आमचा विषय नाही.”

वन खात्याच्या बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “आमच्या बागेत आली की ती हवा परिसर होते. ती आधी कुणाची होती, असं आम्ही विचारत नाही. तुमच्याकडे पाहुणा आला तर तुम्ही त्याचा जुना पत्ता विचारता का?”

“मी विचारतो,” मध्यस्थ म्हणाले, आणि ते खरे होते.

डॉक्टर तर भडकलेच. “डास मोजायचे की डासांची चौकशी करायची? आकडा खोटा आहे का माझा?”

“आकडा खरा आहे, डॉक्टर.”

“मग झालं तर!”

पेच असा होता, की या तिघांनाही आतून कळले होते. परंतु सरकारी बैठकांत एक जुनी रीत होती: जो विषय काढील, त्याचे काम त्याच्याच गळ्यात. नळकांड्याचा विषय जो काढील, त्याला आपला अहवाल मागे घ्यावा लागणार, फेरतपासणी करावी लागणार, आणि वरून बाकीच्या दोघांचे शिव्याशाप. तेव्हा तिघेही मूग गिळून बसले. आणि मध्यस्थांनी विषय काढला, तर त्यांचे आयुष्यातले एकमेव एकमत त्यांच्याच हातून मरणार होते.

“मग सांगू नका,” पत्नी म्हणाली.

“खोट्यावर माझी सही जाईल.”

“मग सांगून टाका.”

“कक्ष बंद होईल.”

“आता दोन्ही बाजू ऐकून झाल्या ना?” ती स्वेटरची घडी घालत म्हणाली. “मग ठरवा.”

मध्यस्थांनी रात्रंदिवस विचार केला आणि आपल्या हाती असलेला एकुलता एक अधिकार वापरला. गोल टेबलाचा सांधा निखळला आहे, असे त्यांनी कळवले. ते असत्य नव्हते. तो कधी धड बसलाच नव्हता. सह्यांच्या बैठकीचे स्थळ म्हणून त्यांनी वन खात्याची बाग ठरवली. वेळ सकाळची. खुर्च्या भिंतीलगत.

बैठकीच्या दिवशी इतके गारठले होते, की बोलताना प्रत्येकाच्या तोंडून वाफ निघत होती. उपसचिव कोटावर मफलर गुंडाळून आले. पुस्तिकेचा मसुदा त्यांच्या मांडीवर होता. भिंतीपलीकडे खाकरल्याचा आवाज झाला, आणि पहिला झोत आला.

“वा,” उपसचिव म्हणाले. “इथे बरं वाटतंय.”

थोड्या वेळाने त्यांनी मफलर काढला. मग कोणीही, कधीही न पाहिलेली गोष्ट घडली. त्यांनी कोटाचे वरचे बटण काढले, मग दुसरे, आणि शेवटी कोटच काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. आत शर्टाला एक ठिगळ होते. सगळ्यांनी अदबीने दुसरीकडे पाहिले.

“काय हो, इतकं गरम का होतंय?” त्यांनी विचारले.

“तेच आमच्या अहवालात आहे, साहेब,” कृषीवाले म्हणाले.

“फुलं पाहा ना,” बाई वर बोट दाखवून म्हणाल्या.

डॉक्टरांनी स्वतःच्या मानेवर चापट मारली आणि मेलेला डास पुराव्यादाखल तळहातावर धरून दाखवला.

“बाप रे,” उपसचिव कळवळून म्हणाले. “म्हणजे परिस्थिती हाताबाहेर गेलीय!”

इतक्यात यंत्राने जोर धरला. मसुद्याची पाने उपसचिवांच्या मांडीवरून उडाली आणि फुललेल्या फांद्यांत जाऊन अडकली. उपसचिवांनी पानांकडे पाहिले. मग पाने जिकडून उडाली तिकडे पाहिले. नळकांडे त्यांच्या कपाळाच्या अगदी सरळ रेषेत होते.

बाई झाडाचे खोड निरखू लागल्या. डॉक्टरांनी डास पुन्हा पुन्हा उलटासुलटा करून पाहिला. कृषीवाले आपल्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधू लागले. उपसचिव प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. पण अध्यक्षांनी विषय काढायचा नाही, असाही एक नियम होता. नळकांडे सगळ्यांवर ऊब ओतीत होते.

मध्यस्थ उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला आणि तो पुन्हा लावला.

“साहेब, मी विषय काढतो,” ते म्हणाले.

“काढा,” उपसचिव कपाळ पुसत म्हणाले.

“भिंतीवर नळकांडं आहे. त्यातून गरम हवा येते. तापमापक, फुलं आणि डास, तिन्ही त्याच हवेवर आहेत.”

“म्हणजे संयुक्त निष्कर्ष नाही?”

“तो नाही, साहेब.”

“मग कक्ष बंद.”

“हो, साहेब.” त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की तो त्यांच्या पुढच्या खुर्चीपर्यंतही नीट पोचला नाही.

तिघेही नजर चुकवीत होते. उपसचिव कोटाकडे हात नेऊन थांबले. “रीतीप्रमाणे, ज्यानं विषय काढला त्याच्याकडे काम,” ते म्हणाले. “आता बोललात ते लिहून काढा. आणि हे तरी या तिघांना मान्य आहे का, विचारा.”

मध्यस्थांनी लिहून काढले. कृषीवाल्यांनी ‘नळकांडे’ या शब्दाआधी ‘शास्त्रीय’ घालावे असे सुचवून पाहिले. बाईंनी हवा नेमकी पलीकडूनच येते, हे ठळक करावे म्हटले. डॉक्टरांना डासांसाठी वेगळा परिच्छेद हवा होता. पण तिघांच्याही अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि अशा अवस्थेत नाही म्हणायचे तरी कसे? त्यांनी ओळीने सह्या केल्या. शाई झोताने लागलीच वाळली.

उपसचिवांनी कागद दोनदा वाचला. “भिंतीवर एक नळकांडे असून त्यातून येणाऱ्या गरम हवेमुळे भिंतीजवळ ऊब असते. एवढंच?”

“एवढंच, साहेब.”

“तिघांनाही मान्य?”

“तिघांनाही.”

“निष्कर्ष किती मोठा असावा, हे आदेशात लिहिलेलं नाही,” उपसचिव स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग त्यांनी कोट चढवला आणि बटण लावले. कक्ष वाचला होता.

दुसऱ्या माणसाने इथे थांबून सुटकेचा निःश्वास टाकला असता. मध्यस्थांना मात्र एका वाक्याची चटक लागली. त्यांनी तिन्ही खात्यांना पत्र लिहिले: तापमान नोंदवणाऱ्या आपापल्या दूरच्या ठाण्यांची थंडीची जुनी नोंद पाठवावी, जिथे कोणाचीही भिंत नाही, अशीच ठाणी निवडावीत. या नोंदी आजवर कोणी बैठकीत आणल्याच नव्हत्या, कारण त्यांत चमकदार काही नव्हते. कृषीची नोंद माळरानावरची, वन खात्याची डोंगरावरची, आरोग्य खात्याची समुद्रकाठच्या एका लहानशा दवाखान्याची.

नोंदी आल्या, गोल टेबलावर उलगडल्या गेल्या, आणि चौघे त्यांवर वाकले.

“थंडी हळूहळू कमी होतेय,” बाई म्हणाल्या. “पण अगदी थोडी. नजरेत भरत नाही.”

“माझीही तेवढीच थोडी,” डॉक्टर म्हणाले.

कृषीवाल्यांनी आपला कागद पुढे सरकवला. “आमचीही.”

चौघांनीही एकमेकांकडे संशयाने पाहिले.

“नळकांडं असणार,” डॉक्टर ठामपणे म्हणाले.

“आमच्या माळावर? तिथे वीजसुद्धा नाही!”

“तपासायला काय हरकत आहे?”

मग असे ठरले, की प्रत्येकाने दुसऱ्याच्या ठाण्यावर जाऊन नळकांडे शोधावे. आपल्या ठाण्यावर आपण शोधले तर ते सापडणार नाही, याबद्दल तिघांचेही एकमत झाले. हे त्यांचे तिसरे एकमत होते, पण ते मोजायचे कोणाला सुचले नाही. बाई माळरानावर गेल्या, डॉक्टर डोंगरावर, आणि कृषीवाले समुद्रकाठी. मध्यस्थ फोनजवळ बसून राहिले.

पहिला फोन बाईंचा आला. “सगळीकडे फिरले. गवत आहे आणि वारा आहे. तापमापकाच्या आसपास काही म्हणजे काही नाही.”

डॉक्टर धापा टाकत बोलले. “चढताना जीव गेला माझा! खडकाच्या मागेसुद्धा पाहिलं. नाही हो.”

राहिले कृषीवाले. संध्याकाळ झाली तरी त्यांचा फोन येईना. मध्यस्थांनी टेबलाची फट पुसली, पेले पुसले, पुन्हा पेले पुसले. जन्मभर सगळ्यांचे एकदा तरी जमावे म्हणून झटलेल्या या माणसाच्या मनात आज उलटीच प्रार्थना चालली होती. त्या दवाखान्यामागे काहीतरी असू दे. एखादी चूल, एखादा पंप, जुने पत्र्याचे धुराडेसुद्धा चालेल. पण नळकांडे सापडू दे, नाहीतर थंडी खरोखरच ओसरते आहे असे म्हणावे लागेल.

फोन वाजला. पलीकडून आधी लाटांचा आवाज आला.

“बघितलं,” कृषीवाले म्हणाले. नेहमीचा ताठा त्यांच्या आवाजात नव्हता. “छपरावरही चढलो. मध्यस्थ साहेब, इथे काहीच नाही.”

“नीट पाहिलंत?”

“मला काय ते सापडायला नको होतं?”

मध्यस्थांनी कोरा कागद समोर ओढला, पेनचे टोपण काढले, आणि दुसरे वाक्य लिहायला घेतले.